पाणी उतरलं की खाली या

“तुम्ही सांगितलं तसंच केलं ना मॅडम. पाणी उतरलं, तसे खाली आलो.”

नवलसिंग एवढंच म्हणाला. तेही सहज, कागदी कपातला चहा संपवता संपवता, हॉलच्या दारात, जिथं शिपाई गिरधरभाऊ स्टुलावर चढून बॅनरची दोरी खिळ्याला बांधत होता. गजालाच्या चेहऱ्यावर त्या वेळी सत्कारमूर्तीचं हसू होतं. सकाळपासून चढवून ठेवलेलं ते हसू काढायचं राहून गेलं आणि ते तसंच ठेवून तिनं विचारलं, “खाली आलात? कधी?” “नऊला. सकाळी नऊला. पाणी पार गेलेलं. खाडीत नुसता चिखल. भात टाकला, खाल्ला. बा झोपला. दोन रात्री जागा होता ना तो.” “आणि मग?” “मग दुपारी पुन्हा आलं ना पाणी,” नवलसिंग म्हणाला आणि थोडा गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. हे मॅडमना माहीत नसेल असं त्याच्या डोक्यात कशाला येईल? त्याच्या बापाला गिळणारं पाणी कुठून, किती वाजता, कितव्यांदा आलं हे ज्या बाईनं आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं, तिला? वरून गिरधरभाऊ ओरडला, “मॅडम, जरा सरका, नहीते बॅनर तुमना डोकावर पडी. आते तुमनी मिरवणूक काढनी पडी, डोकं जपा.” ती सरकली. बॅनर सरळ झाला. त्यावर निळ्या लाटा होत्या, लाटांवर एक मोबाइल होता आणि मोबाइलच्या खाली लिहिलं होतं, एक संदेश, चाळीस जीव.

पावणेदहा वाजले होते. कार्यक्रम बाराला होता.

ती आपल्या टेबलाशी जाऊन बसली. नाही, बसली नाही, खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली आणि टेबलाकडे बघत राहिली, जसं दुसऱ्या कुणाचं टेबल असावं. त्या टेबलावर सहा वर्षं गेली होती. तटरक्षा प्रकल्प. बदलत्या हवामानात किनारपट्टीवरच्या धोक्यांचं मूल्यांकन व व्यवस्थापन. एवढं लांब नाव पाटीवर मावेना म्हणून पेंटरनं ‘व्यवस्थापन’ खालच्या ओळीत बारीक अक्षरात कोंबलं होतं. राज्यातल्या प्रत्येक जिल्ह्याला एक शाखा, असं वर कुणीतरी ठरवलं, म्हणून नंदुरबारलाही एक. समुद्र दीडशे किलोमीटरवर, तोही दुसऱ्या राज्यात. दर तीन महिन्यांनी मुंबईहून तक्ता यायचा. जिल्ह्यातील किनाऱ्याची लांबी: निरंक. धूप झालेला किनारा: निरंक. वादळलाटेने बाधित गावे: निरंक. बाधित लोकसंख्या: निरंक. खाली सही, शिक्का. पहिलं वर्षभर गजालानं हे निमूट भरलं. घरी अब्बा विचारायचे, “बेटा, आज क्या काम किया?” आणि ती सांगायची, “समंदर नापा, अब्बा. निकला ही नहीं.” दाऊदमियाँ पंपांच्या मोटारी दुरुस्त करणारे, तांब्याच्या तारांच्या गुंडाळ्यांत आयुष्य गेलेलं, ते पोट धरून हसायचे. मग दुसऱ्या वर्षी ती डोंगरातल्या मोलगीच्या बाजारात गेली होती, कशासाठी ते आता आठवत नाही, बहुतेक शाळांच्या कसल्याशा सर्वेक्षणात मदत म्हणून, आणि तिथं जीपच्या टपावर चढणाऱ्या माणसांना तिनं विचारलं, कुठं निघालात? एकानं सांगितलं, झिंग्याला. दुसऱ्यानं सांगितलं, झिंग्याला. सुरतेच्या पलीकडे खाडीकाठी कोळंबीचे तलाव आहेत. होळी झाली की पिल्लं सोडतात, पावसाळा तोंडावर आला की माल काढतात. तोवर त्या तलावांच्या पाळीखाली, उंच मातीच्या बांधाच्या पायथ्याशी, झोपडी करून राहायचं, खाद्य टाकायचं, पाण्यात फिरणारे पंखे चालू आहेत की नाही ते बघायचं, बगळे हाकायचे. होळी झाली की डोंगर रिकामा होतो आणि समुद्राच्या तोंडावर जाऊन बसतो. बाधित लोकसंख्या: निरंक!

त्या दिवशी तिला पहिल्यांदा राग आला होता, स्वच्छ, चांगल्या धारेचा राग. त्या रागावर तिनं पुढची तीन वर्षं काढली. बाजाराच्या दिवशी मोलगीला, नंतर अक्कलकुव्याला हमरस्त्याच्या कडेला पिकअप थांबतात तिथं, वही घेऊन उभी राहायची. नाव, पाडा, तलावाच्या मालकाचं नाव, फोन नंबर. सोबत आमशा, डोंगरातलाच, प्रकल्पाचा डेटा भरणारा, तो त्यांच्या बोलीत समजावायचा की बाईला नंबर द्या, ही पोलीस नाही. शाखेचे प्रमुख योगेंद्रसर म्हणायचे, “मॅडम, आपला जिल्हा आपल्या हद्दीपुरता. लोक दुबईला गेले तर दुबईचं वाळवंट आपण मोजणार का?” ती भांडली. पत्रं लिहिली. तक्त्यातला निरंक खोडून तिथं आकडा लिहून पाठवला, तो तक्ता चूक म्हणून परत आला, पुन्हा पाठवला. या भांडणात ती बरोबर होती. हेच आता टोचत होतं, की ती बरोबर होती. नुसता निरंक भरत बसली असती तर बाज्याच्या, नवलसिंगच्या बापाच्या, फोनवर कुणाचाच आवाज गेला नसता. पाणी चढलं आणि उतरलं तेव्हा बाज्यानं आपल्या अकलेनं काय केलं असतं कोण जाणे. वाऱ्याचं तोंड पाहिलं असतं, शेजारच्या गावातल्या मच्छीमाराला विचारलं असतं, अशानं परत येतं का रे हे? विचारलं नाही. कशाला विचारेल? त्याला नंदुरबारहून सांगितलेलं होतं.

काय सांगितलेलं होतं? तिनं ते शोधलं नाही, ते पाठ होतं. गेल्या जूनमध्ये, अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी, अरबी समुद्रात वादळ उठून किनाऱ्याकडे सरकत होतं आणि मुंबईहून सगळ्या जिल्ह्यांना एक पत्रक आलं होतं, नंदुरबारलाही, कारण कुणी यादीतून नंदुरबार काढलं नव्हतं. त्यात खाडीच्या तोंडाशी पाणी किती चढेल ते होतं. एका ओळीत भरतीच्या वेळा होत्या. ०३:३४. १५:५१. दोन वेळा शेजारी शेजारी, मधे एक बारीक रेघ. गजालानं त्या वाचल्या. पहाटे साडेतीनपासून दुपारी पावणेचारपर्यंत. इतकं साधं. पुराची वेळ अशीच लिहितात, केव्हापासून केव्हापर्यंत. बसची लिहितात, दवाखान्याची लिहितात, शाळेची. तिनं पत्रक मिटलं, आमशाला समोर बसवलं आणि म्हणाली, बोल. पहाटे साडेतीनला पाणी वाढेल, दुपारपर्यंत उतरेल. घाबरू नका. तलावाच्या पाळीवर चढा, तिथंच थांबा. पाणी उतरलं की खाली या. आमशानं आधी तिचं मराठी ऐकलं, मग डोळे मिटून आपल्या बोलीत बोलला, गोड आवाज त्याचा, आणि तो आवाज एक्केचाळीस फोनांवर गेला. ती घरी गेली आणि तिला झोप चांगली लागली, हेही तिला आठवत होतं.

रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन पाणी होती. पहिलं आणि दुसरं. भरती दिवसातून दोनदा येते. हे कुठल्याही कोळ्याच्या पोराला चालायला लागायच्या आत कळतं. भूगोलाच्या पुस्तकात आहे. तिनंही वाचलं होतं, चंद्र, सूर्य, पृथ्वी एका रेषेत, तीन गोळ्यांची आकृती काढून पाचपैकी पाच मार्क घेतले होते. पण ते पुस्तकातलं पाणी. हाताखालचं, अंगावरचं पाणी तिला एकच माहीत होतं, तापीचं. तापीकाठी प्रकाशा गावात बिस्मिल्ला फुफीचं, आत्याचं, घर होतं, आणि गजाला नऊ वर्षांची असताना त्या घरात पाणी शिरलं होतं. चूल बुडाली, पिठाचा डबा तरंगत दारापर्यंत गेला. सगळे गच्चीवर. फुफीनं एका हातात कोंबडी आणि एका हातात गजालाची वेणी धरून ठेवली होती, वेणी इतकी घट्ट की पाण्यापेक्षा त्याचंच रडू येत होतं. अंगाला ओला गाळ, हवेत मेलेल्या गवताचा आणि रॉकेलचा वास. संध्याकाळी भिंतीवर ओली रेघ दिसली, मग तिच्या खाली दुसरी, आणि फुफी म्हणाली, “उतर गया. चलो.” आणि सगळे जिन्यानं खाली गेले, झाडू घेऊन. पाणी उतरलं म्हणजे गेलं. ते पुढच्या गावचं झालं, मग सुरतेचं, मग कुणाचंच नाही. नदीकाठच्या माणसाला पाण्याचं येणं एवढंच कळतं की ते वरून येतं आणि खाली जातं. डोंगरातल्या माणसालाही तेच. बाज्याच्या पाड्याखालचा नाला घटकाभरात गळ्याइतका होतो आणि घटकाभरात घोट्याइतका, आणि घोट्याइतका झालेला नाला पुन्हा मागे वळून डोंगर चढत नाही. तिनं सांगितलं आणि त्यांनी ऐकलं, कारण दोघांचं पाणी एकच होतं. एका आंधळ्यानं दुसऱ्याला —

नाही. तिनं ते वाक्य मनातच तोडलं. आंधळा म्हणून सुटता येणार नव्हतं. पत्रक तिच्या हातात होतं. मुंबईला फोन करायला दोन मिनिटं लागली असती. आणि फोन तिनं का केला नाही, तर त्यांनी हसू नये म्हणून! नंदुरबारची मॅडम भरती म्हणजे काय विचारते, असं कुणी म्हणू नये म्हणून. आयुष्यात तिनं समुद्र पाहिलेला नव्हता. सहा वर्षं किनारपट्टीचे धोके भरत होती आणि समुद्र पाहिला नव्हता, ना योगेंद्रसरांनी कामासाठी पाठवलं, ना स्वतःहून सुरतेची गाडी धरून अडीच-तीन तासांत जाऊन आली. कानशिलं तापली. राग आता तिच्याकडे तोंड करून उभा होता, पण तिच्यापाशीच थांबायला तयार नव्हता. तो टेबलावरच्या यशोगाथेवर गेला. गुळगुळीत कागद, चार पानी, रंगीत. तिनंच लिहिलेला. ‘किनारा नसलेल्या जिल्ह्याने किनाऱ्यावरील चाळीस मजुरांचे प्राण वाचवले.’ दुसऱ्या पानावर तळाशी: ‘संदेशाकडे दुर्लक्ष केल्याने एक मृत्यू.’ हे वाक्यही तिचंच. सुरतेकडून आलेल्या कागदात फक्त होतं, झोपडीत आढळला. झोपडीत म्हणजे पाळीवर चढला नाही, चढला नाही म्हणजे ऐकलं नाही. किती पटकन जुळलं होतं. मेलेला माणूस वाक्यात बसवायला किती सोपा असतो, तो हलत नाही.

योगेंद्रसर केबिनमध्ये आरशासमोर मफलरसारखं काहीतरी गळ्यात घालून बघत होते, पाहुण्यांना द्यायची शाल. तिनं सगळं सांगितलं. एका दमात, उभ्यानं. त्यांनी शाल घडी करून पिशवीत ठेवली, पिशवीची गाठ मारली, मग म्हणाले, “बसा.”

“नाही बसत.”

“बरं, उभ्या राहा. मला सांगा, चाळीस माणसं जिवंत आहेत की नाहीत?”

“दुपारी ती झोपडीत नव्हती म्हणून आहेत, नवलसिंगनंच सांगितलं. कुणी गावात तांदूळ आणायला गेलेलं, कुणी रेंज मिळेना म्हणून पाळीवर फिरत होतं. नवलसिंग बायकोला फोन लावत होता, सर. आपल्या संदेशानं नाही वाचला, बायकोच्या फोननं वाचला.”

“फोन तर फोन. यंत्र तेच ना?” ते हसले. मग हसले नाहीत. “गजाला मॅडम, तुमचा करार एकतीस मार्चला संपतो. तो वाढवा म्हणून मी स्वतः लिहिलंय, याच संदेशाच्या जोरावर. साहेब मुंबईहून निघालेत. आज ते बटण दाबणार आणि तोच संदेश, त्या रात्रीची वेळ तेवढी गाळून, साडेपाच हजार नंबरांवर जाणार, सगळ्या मोसमासाठी फोनमध्ये साठवून ठेवा म्हणून. आता मी त्यांना काय सांगू, परत जा?”

“तो चुकीचा आहे.”

“पुढच्या टप्प्यात दुरुस्ती करू.”

पुढच्या टप्प्यात. ती केबिनबाहेर आली तेव्हा ते शब्द तिच्या दातांखाली खड्यासारखे करकरत होते. जेवणाच्या घासात खडा आला तर माणूस थुंकतो. ऑफिसात गिळतात. पुढचा टप्पा म्हणजे दुसरा बाज्या. मग त्याचीही दुसऱ्या पानावर एक ओळ. बाहेर आवारात तीन पिकअप उभ्या होत्या. आज निघणाऱ्या लोकांना योगेंद्रसरांनी मुद्दाम थांबवलं होतं, हॉल भरलेला दिसावा म्हणून. चाळीस-पन्नास माणसं, बायका, तान्ही पोरं, भांड्यांची बोचकी, गुंडाळलेल्या गोधड्या. कार्यक्रम झाला, नाश्त्याची पुडी हातात पडली की ती सरळ खाडीकाठी जाणार होती. त्यातल्या अर्ध्यांच्या फोनमध्ये तो आवाज आधीच होता. आमशा त्यांच्यात उकिडवा बसून एका म्हातारीला फोन मोठ्या आवाजात कसा लावायचा ते दाखवत होता, आणि फोनमधून तोच बोलत होता, गोड, न घाबरणारा. पाणी उतरलं की. गजाला त्याच्यापाशी गेली. “आमशा, बंद कर ते.” “का मॅडम?” तिनं सांगितलं. त्याला दोनदा सांगावं लागलं नाही. तो म्हातारीच्या हातातल्या फोनकडे बघत राहिला, मग बोट दाबून त्यानं तो आवाज बंद केला. “आवाज माझा आहे,” तो म्हणाला. “शब्द माझे आहेत,” ती म्हणाली. “पण त्यांनी माझा आवाज ऐकून...” आणि त्याला रागच आला, सरळ तिचा, पहिल्यांदा. “तुम्हाला विचारलं होतं मी, मॅडम. त्या दिवशी विचारलं होतं, पाणी पुन्हा आलं तर? तुम्ही म्हणालात, येत नसतं.” तिला हे आठवत नव्हतं. तिनं आठवून पाहिलं. आठवलं नाही, पण खरं असणार, कारण ती असंच बोलते.

तेवढ्यात दिवलीबाई तिला शोधत आली. बाज्याची बायको. पहाटेच्या पहिल्या जीपनं तिला मोलगीहून आणलं होतं, लाभार्थीचे दोन शब्द बोलायला. हातात कापडात बांधलेलं आमचूर. “हाई तुन्हासाठी,” ती म्हणाली. डोंगरातली माणसं सगळ्यांना तू म्हणतात, साहेबाला, देवाला, सारखंच. “मन्हा झाडना आंबास्नं शे. पोरगा वाचना तुन्हामुये.” गजालानं हात पुढे केला नाही. दिवलीबाईनं ते तिच्या पर्समध्येच सारलं आणि वर थोपटलं. तिची बोटं खडबडीत होती आणि नखांत माती होती. चेहऱ्यावर दुःख दिसत नव्हतं, नऊ महिन्यांत तिनं ते कुठंतरी ठेवून दिलं होतं. कुठं ते गजालाला लवकरच कळणार होतं.

हॉलमध्ये पंखे घरघरत होते. मोठे साहेब आले, नारळ, दीप, प्रास्ताविक. टेबलावर लॅपटॉप ठेवला होता, त्याला कुणीतरी झेंडूची माळ घातली होती आणि माळेच्या आत पडद्यावर एक हिरवं बटण. गिरधरभाऊ गजालाच्या कानाशी वाकला, “मॅडम, तोंड कसाले असं? सत्कार शे का दहावा शे?” आणि तिच्या खांद्यावर शाल पडली, तिनं काही करायच्या आत. टाळ्या. लोकर मानेला टोचली. तिला वाटलं, आता बोलावं. मग वाटलं, साहेबांचं भाषण झाल्यावर. मग वाटलं, बटणाच्या आधी, अगदी आधी. असे ती स्वतःला टप्पे पाडून देत होती आणि ते तिच्या लक्षात आलं. पुढचा टप्पा. तीही तेच करत होती की! योगेंद्रसर माइकवर म्हणाले, “आता आपण त्या मातेचं मनोगत ऐकू,” आणि दिवलीबाई पदर सावरत माइकपाशी आली. आमशा शेजारी उभा होता, बोलीतून मराठी करून सांगायला, पण ती बाजारातल्या अहिराणीतच बोलली, सगळ्यांना समजावं म्हणून.

“मन्हा पोरगा वाचना,” ती म्हणाली. “या बाईनं सांगं, त्यानी ऐकं, तो वाचना. मन्हा नवरानी ऐकं नही. पिदेल व्हई. तो पियेच. झोपडीमा पडेल व्हता. मी त्याले लई शिव्या दिन्यात. मरेल माणूसले शिव्या दिन्यात. आमना पाडावर कोणी त्यानं नाव लेत नही, या होळीले बी लिनं नही. मी सांगेल शे बठ्ठासले, ऐका, फोन सांगी तसं करा, नहीते मन्हा बेवडासारखं मरशात.”

हॉल हसला. क्रूरपणे नाही, मोठ्या साहेबांनीही हलकंच, समजूतदार, डोंगरातल्या बाईच्या साधेपणाला दाद द्यावी तसं. शेवटच्या रांगेतल्या मजुरांतूनही दोघंचौघं हसली. तिसऱ्या रांगेत नवलसिंग मान खाली घालून बसला होता, आणि गजालाला दिसलं की हे त्याला माहीत होतं, आईनं बापाला दारुडा केलं हे, आणि त्यानं ते राहू दिलं होतं. कारण नाहीतर मग त्याला सांगावं लागलं असतं की बा झोपला होता आणि मी लांब होतो आणि हाक मारली ती वाऱ्यात गेली. त्याच्या रात्री त्या हाकेतच गेल्या असतील. सगळ्यांनी मिळून, ज्याला त्याला सोयीचा, एक बाज्या तयार केला होता, आणि तो त्यांच्या हातात चपखल बसत होता. हॉल अजून हसत होता तेव्हाच गजाला उठली. तिनं शाल काढून खुर्चीवर टाकली, टेबलाशी गेली आणि लॅपटॉपचं झाकण पाडलं, माळेसकट. “मॅडम,” योगेंद्रसर म्हणाले. ती माइकपाशी गेली. तिथं दिवलीबाई होती. दोघी एका माइकसमोर, हातभर अंतरावर. आधी तिनं मराठीत सुरुवात केली, मान्यवर, असा शब्दही तोंडातून गेला, मग तिला कळलं की हे मान्यवरांना सांगायचं नाही.

“दिवलीबाई,” ती म्हणाली, गल्लीत बोलते त्या अहिराणीत. “तो पिदेल नव्हता.”

दिवलीबाई हसतच होती अजून.

“तो पाळवर चढना. रातभर बठ्ठासंगे उभा ऱ्हायना. सकाळे पानी उतरनं. फोनमा मी सांगेल व्हतं, पानी उतरनं की खाले या. म्हनीसन तो उतरना. भात खादा, झोपना. मी चुकीनं सांगं, दिवलीबाई. दर्यानं पानी उतरीसन परत येस. बारा तासमा परत येस. माले हाई माहीत नव्हतं. माले इचारं बी व्हतं, मी ऐकं नही. त्यानी मन्हं ऐकं, म्हनीसन मरना.” मग ती वळली, दिवलीबाईच्या खांद्यावरून मागच्या रांगांकडे, आणि तिचा आवाज चिरकला, रागानं, रडण्यानं नाही. “तुम्हना फोनमा जे शे ते पुसा. पानी चढायच्या आधीच निघा, गावात जा, मोठ्या रस्त्याला लागा. उतरलं तरी परत जाऊ नका. दोन दिवस जाऊ नका. मालक काही म्हणो. आमशा, सांग त्यांना.” कुठं अहिराणी संपली आणि कुठं मराठी सुरू झाली तिला कळलं नाही. आमशा पुढं आला आणि त्यांच्या बोलीत सांगू लागला, भराभर, या वेळी आवाजात गोडवा नव्हता. मागच्या रांगांत फोन बाहेर निघाले. मोठे साहेब योगेंद्रसरांकडे बघत होते आणि योगेंद्रसर माइकच्या वायरीकडे.

दिवलीबाई हललेली नव्हती. “पिदेल नव्हता?” तिनं विचारलं.

“नही.”

“तू सांगं म्हनीसन उतरना.”

“हां.”

तिनं नवलसिंगला शोधलं. हॉलभर शोधलं, जणू तो लहान होता आणि जत्रेत हरवला होता. सापडला तेव्हा आपल्या बोलीत एवढंच काहीतरी विचारलं, तीन शब्द असतील. नवलसिंग उभा राहिला. त्यानं मान हलवली, होय म्हणून, आणि मग मान वर केलीच नाही.

दिवलीबाई खाली बसली. मंचावर, गालिच्यावर, मोठ्या साहेबांच्या बुटांपासून दोन हातांवर. पदर डोक्यावरून पुढे ओढला, गुडघे पोटाशी घेतले आणि तिनं मेलेल्याला रडायचा सूर लावला. नऊ महिने न लावलेला. पहिला सूर खरखरीत निघाला, जागेवर न बसणारा, दुसरा बसला, आणि मग तो हॉलच्या पत्र्याला जाऊन लागला. गजालाला डोंगरातली बोली येत नव्हती, पण त्यात बाज्याचं नाव होतं, ते पुन्हा पुन्हा येत होतं, लांबवून, जवळ बोलावल्यासारखं. मागच्या रांगांतल्या दोन म्हाताऱ्या उठल्या, विचारलं नाही कुणाला, मंचावर चढल्या आणि तिच्या शेजारी बसून तिच्या सुरात सूर मिसळू लागल्या. मग आणखी एक, कडेवरचं तान्हं दुसरीकडे देऊन. योगेंद्रसर म्हणाले, “आमशा, यांना खाली घ्या, यांना बाहेर...” आमशा जागचा हलला नाही. मोठे साहेब घड्याळ बघत उठले, पाय कुठं ठेवावा कळेना, बायकांना वळसा घालून मंचाच्या मागच्या पायऱ्यांनी गेले. दारातून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

गजाला वाकली. काय करायला, तिला माहीत नव्हतं. खांद्यावर हात ठेवायला असेल. दिवलीबाईनं वर न बघता तो हात झटकला, जोरात, मनगटावर फटका बसला, आणि सूर कुठंही तुटला नाही. मग त्या सुरात, बाज्याच्या नावामागून, गजालाला आपलं नाव ऐकू आलं. गजाली, असं, डोंगरी वळणानं. मेलेल्याला रडताना बायका त्याला मारणाऱ्याचंही नाव घेतात. शेजारच्या म्हाताऱ्यांनी ते उचललं. बाज्या, गजाली. बाज्या, गजाली. चार-पाच बायकांच्या तोंडून ते फिरू लागलं. आज ते नाव या माणसांबरोबर खाडीकाठी जाणार होतं आणि पाळीवर राहणार होतं.

“मॅडम, चला,” गिरधरभाऊ तिच्या कोपराला धरून हळूच म्हणाला, या वेळी न हसता. “चला ना. कसाले ऐकत उभ्या ऱ्हायन्यात?”

तिनं कोपर सोडवून घेतलं आणि तिथंच उभी राहिली.